ऑड्री मिलबर्नचं पिंप

ऑड्री मिलबर्नबद्दल लिहायचं तर सुरुवात मुतापासून करावी लागते. मी दुसरीकडून सुरू करून पाहिलं. तिचा जन्म, तिचं लग्न, शाळेच्या स्वयंपाकघरातली तिची वीस वर्षं, असं ओळीने लिहिलं आणि कागद फाडले. कारण कुठूनही निघालो तरी दोन पानांनी ते पिंप आडवं येतंच, आणि ते आलं की आधीचं सगळं उगाच लिहिल्यासारखं वाटतं. तेव्हा आधी पिंपच.

रोमन सैन्याने सीमेवर बांधलेल्या जुन्या भिंतीला लागून आमच्याकडे एक किल्ला आहे. किल्ला म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीचे दगड आणि त्यांच्यामधून चरणाऱ्या मेंढ्या. बाजूला छोटं संग्रहालय, संग्रहालयामागे पत्र्याची शेड. मी तिथे चौदा वर्षं राखणदार होतो. फाटक उघडायचं, बॉयलर पेटवायचा, गवत कापायचं, संडास धुवायचे. ऑड्री त्या शेडमध्ये शाळेच्या मुलांना रोमन लोक शिकवायची. शेडच्या कोपऱ्यात ओकच्या लाकडाचं, मधून कापलेलं अर्धं पिंप होतं. वर फळ्यांचं झाकण, आणि आत तीन आठवड्यांचं शिळं मूत. माणसांचं. अर्धं ऑड्रीचं, अर्धं तिच्या नवऱ्याचं.

ज्यांना सोसेल त्यांनी पुढे वाचावं.

मला स्वतःला घाण सोसत नाही. जन्माचाच रोग आहे. आई शुक्रवारी दुधात कांदे घालून वजडी उकडायची तेव्हा मी कोळशाच्या खोलीत जाऊन बसायचो. मग अशा माणसाने संडास धुण्याची नोकरी का धरली असं कुणी विचारेल. तर दुसऱ्याने धुतलेला संडास मला कधी पसंत पडला नाही, म्हणून. मी धुतला की निदान मला खात्री असते.

आणि अशा माणसाच्या वाट्याला ऑड्री आली. पहिल्याच आठवड्यात ती एक मातीचा रांजण कवेत घेऊन माझ्या बॉयलरच्या खोलीत शिरली.

"काय रे सिरिल, इथे ऊब असते ना?"

"असते. काय आहे त्यात?"

"बांगडे."

"नुसते?"

"आतड्यांसकट. मिठात घातलेत. रोमला तीन महिन्यांत तयार व्हायचं, तिथे ऊन होतं. आपल्याकडे धर की दीड वर्ष."

रोमन लोक या आंबलेल्या माशांचा रस सगळ्यावर ओतून खायचे, अंड्यांवर, भाजीवर, अगदी गोडावरसुद्धा. मुलांना तो ब्रेडच्या तुकड्यावर एक थेंब चाखवायचा, असा तिचा बेत. दीड वर्ष मी तोंडाला रुमाल बांधून बॉयलर पेटवला. रांजण उघडला तेव्हा वर पिवळं तेल, तळाशी राखाडी लगदा आणि मध्ये चहासारखं काहीतरी. ऑड्रीने त्यात बोट बुडवलं आणि चाटलं. मी बाहेर जाऊन ओकलो. आतून तिचा आवाज आला, "झालं की येताना चमचा घेऊन ये."

किल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात सैनिकांचा संडास आहे. सोळा जणांनी खांद्याला खांदा लावून बसायचं. ऑड्रीने त्यावर फळी टाकून घेतली होती. सोळा मुलं ओळीने बसवायची आणि एका टोकाच्या मुलाच्या हातात काठी द्यायची, काठीच्या टोकाला ओला स्पंज. रोमन लोक याने धुवायचे म्हणतात.

"सगळ्यांना एकच काठी, बाई?"

"एकच. मधल्या पाटात बुचकळायची. दे आता पुढच्याला, बाळा, तो बिचारा कधीचा वाट बघतोय."

मुलं "ईऽऽ" करायची. ते "ईऽऽ" ऑड्री जेवणाच्या घंटेसारखं ऐकायची. म्हणायची, "पोर नाक मुरडतं ना, तेव्हा त्याला पटलेलं असतं की ही माणसं खरोखर होती."

ती शिक्षिका नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं बटाटे कुस्करणारी बाई. पण खिडकीतून तिला वर्ग दिसायचा. दर वर्षी तिसरीची मुलं पुठ्ठ्याची ढाल रंगवायची, अंगाला चादर गुंडाळायची, आणि झाले रोमन. ऑड्रीला त्याचा संताप यायचा. "चादरी गुंडाळून हिंडणारी माणसं ही आमच्या रस्त्यावर शनिवारी रात्रीपण असतात," ती म्हणायची. "त्यासाठी दोन हजार वर्षं मागे कशाला जायचं?" मग ती संग्रहालयात आली आणि पडकी शेड मागून घेतली. संग्रहालयाचे तेव्हाचे प्रमुख, क्युरेटर, भले गृहस्थ होते. वर्षातून एकदा शेडच्या दारात उभे राहायचे, नाकाला रुमाल लावून "उत्तम, उत्तम" म्हणायचे आणि जायचे.

पिंपाची कल्पना तिच्या आजीकडून आली. ऑड्री डोंगरापलीकडच्या, विणकरांच्या गावची. आजी सांगायची, तिच्या लहानपणी गल्लीच्या तोंडाशी एक पिंप असायचं आणि सकाळी सगळ्या घरांतली भांडी त्यात रिकामी व्हायची. शिळं झालं की गिरणीवाले येऊन न्यायचे. लोकरीचं तेल त्याशिवाय निघत नाही. रोमन धोबीसुद्धा हेच करायचे. कपडे पिंपात टाकायचे, वर उभं राहायचं आणि दिवसभर तुडवायचे.

तेव्हा दर सोमवारी ऑड्रीचा नवरा आर्थर, दगडाच्या खाणीतून निवृत्त झालेला माणूस, झाकणाची बादली ढकलगाडीत घालून रस्ता ओलांडून यायचा. त्यांचं घर फाटकासमोरच होतं.

"सिरिल, या खेपेचा माल अव्वल आहे," तो म्हणायचा. "काल दोन ग्लास बिअर जास्त घेतली. पोरांच्या शिक्षणासाठी माणसाने एवढं करायला पाहिजे."

मी पंधरा पावलं लांब उभा राहून मान हलवायचो. अकरा वर्षांत मी त्या पिंपाला, बादलीला, ढकलगाडीच्या दांड्यालाही हात लावला नाही. ऑड्रीला ते ठाऊक होतं. ती चिडवायची, पण बळजबरी कधी केली नाही.

मुलं शेडपाशी आली की ती दारात उभी राहायची, ॲप्रनला हात पुसत. प्रत्येक वर्गाला तेच वाक्य. "आत मी तुम्हाला घाण देईन, खोटं देणार नाही. बाहेर कुणी काही सांगू दे. या दाराच्या आत जे आहे ते आहे."

मग झाकण उघडायचं. नाकात सुई टोचल्यासारखा तो वास यायचा, डोळ्यांतून पाणी काढणारा. एकदम चौघं, पायात रबरी बूट, तेलकट लोकरीचं कापड पिंपात, आणि दोनशे पावलं. मोजायला बाकीचे. मग कापड ओढ्यात नेऊन खळखळवायचं. कळकट आत गेलेलं कापड पांढरं बाहेर यायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, लांबून का होईना.

कापड पिळता पिळता ती विचारायची, "हे काम दिवसभर कुणी केलं असेल?"

"सैनिकांनी?"

"सैनिक कशाला करतील. त्यांना घरून मोजे आणि चड्ड्या यायच्या, तसं पत्र सापडलंय इथून जवळच. पण धुतल्या कुणी?"

"त्यांच्या बायकांनी?"

"गुलामांनी. त्यांतले काही तुमच्याएवढे. त्यांना रबरी बूट नव्हते."

मुलं आपल्या बुटांकडे बघायची. ती मान वर करेपर्यंत ऑड्री कापड पिळत राहायची. मला वाटतं तिचा धडा तेवढाच होता. बाकीचा रांजण, काठी, स्पंज हे सगळं तिथवर पोचण्यासाठी.

दोन हजार एकच्या वसंतात गुरामेंढ्यांमध्ये लाळ्या-खुरकूत रोग आला. पायवाटा बंद, शाळांच्या सहली बंद, संग्रहालय पाच महिने बंद. प्रत्येक फाटकाशी जंतुनाशक औषधात भिजवलेल्या पेंढ्याच्या गाद्या, त्यांवरून बूट घासल्याशिवाय इकडचा माणूस तिकडे नाही. दऱ्यांमधून जनावरं मारून ढीग पेटवलेले, आणि वारा पश्चिमेचा असला की आम्ही खिडक्यांच्या फटींत कागद कोंबायचो. पांढरे झगे घातलेली सरकारी माणसं एकेका शेतकऱ्याच्या अंगणात शिरायची आणि संध्याकाळी अंगण औषधाने धुऊन निघून जायची. आमच्या संग्रहालयाच्या फाटकावरची गादी भिजवायचं काम माझ्याकडे. त्या औषधाचे तीन डबे नंतरही उरले होते. मी ते जपून ठेवले. असला स्वच्छ वास मला तरी आवडायचा.

संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा जुने क्युरेटर निवृत्त झाले होते आणि ते चालवणाऱ्या संस्थेने डंकन लॅथम म्हणून एक तरुण माणूस पाठवला. लोकांना इकडे परत कसं आणायचं, हे ठरवायला. केस ओले विंचरलेले, हाताला कसलंसं क्रीम लावलेलं. त्याने हात पुढे केला तेव्हा मला वाटलं मी लोण्यात बोटं घातली. तो शेडमध्ये आला, काठी पाहिली, रांजण पाहिला. पिंपापाशी थांबला.

"मिसेस मिलबर्न, हे खरोखर माणसांचं आहे असं ऐकतो."

"नाहीतर काय साहेब, देवांचं?"

"तुमचं काम फार वेगळं आहे. आम्हाला वास नको असं नाही. पण वास स्वच्छ हवा."

"स्वच्छ वास म्हणजे साबण. तो तिकडे संडासात आहे, सिरिलने ठेवलाय."

लॅथम हसला. त्याच्या मनात ग्लॅडिएटर होते. फोमच्या तलवारी, वाळूचं रिंगण, मुलांनी एकमेकांना पाडायचं आणि अंगठा वर की खाली ते बाकीच्यांनी ठरवायचं.

"इथे ग्लॅडिएटर नव्हते," ऑड्री म्हणाली. "इथे पावसात उभं राहून मेंढ्यांकडे बघणारी माणसं होती."

"मुलांना ते बघायला आवडणार नाही."

"त्या माणसांनापण नव्हतं आवडत."

शेवटी त्याने पुढच्या वर्षीच्या एप्रिलची एक तारीख दिली. त्या दिवशी तो एका वर्गाबरोबर शेडमध्ये बसणार, आणि शेड ऑड्रीकडे ठेवायची की नाही ते त्यावर ठरणार. जाताना मला दारात म्हणाला, "त्या पिंपाचं काहीतरी बघा. ते तसंच असेल तर मला काही करता येणार नाही." बोलताना तो माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होता. जणू त्याला माझा स्वभाव कुणी सांगून ठेवला होता.

मी ऑड्रीला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती ते मला माहीत होतं.

त्या दिवशी सकाळी मी साडेसहाला गेलो. जाड हातमोजे घातले, नाकाला रुमाल बांधला, श्वास धरून पिंप कलंडवलं. सगळं मागच्या चरात गेलं. गवतावरून सरकताना त्याला फेस येत होता. दोनदा मी थांबून गुडघ्यांवर हात टेकले. मग पिंप घासलं, पाणी भरलं, त्यात धुण्याचा सोडा आणि बाजारातला अमोनिया घातला, म्हणजे वास टोचेल. आणि वर, मनाला खात्री वाटावी म्हणून, एका डब्यातलं ते फाटकावरचं औषध अर्धा कप.

मी स्वतःला सांगत होतो की हे ऑड्रीसाठी आहे. शेड वाचेल, तिचा धडा वाचेल. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं हे की अकरा वर्षं मला ते पिंप ओतून टाकायचं होतं, आणि आता निमित्त मिळालं होतं.

दरीतल्या छोट्या शाळेची चौदा मुलं आली. बहुतेक शेतकऱ्यांची. लॅथम कोपऱ्यात स्टुलावर बसला, मांडीवर वही. मी दारापाशी झाडू धरून उभा. ऑड्रीने नेहमीचं वाक्य सांगितलं. घाण देईन, खोटं देणार नाही. लॅथमने ते लिहून घेतलं.

तिने झाकण उचललं आणि तशीच थांबली. झाकण हातात, मान किंचित वाकडी. तिचं नाक माझ्यासारखं नाजूक नव्हतं, पण तिच्या घरचा वास तिला ओळखता येत नव्हता असं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी झाडूच्या दांड्याकडे पाहिलं.

लॅथम स्टुलावरून वाकला, हुंगलं, आणि म्हणाला, "अहो, हे अगदी सुसह्य आहे. उत्तम बदल केलात, मिसेस मिलबर्न. हे असं असेल तर मला काहीच अडचण नाही."

म्हणजे शेड तिची झाली होती. तिने फक्त पुढे चालू करायचं होतं.

ऑड्रीने झाकण भिंतीला टेकवलं. ॲप्रनला हात पुसले, कोरडेच होते तरी. मग म्हणाली, "चला, पहिले चौघं. रोमन धोबी व्हा." तिचा आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा होता. मला सुटल्यासारखं वाटलं.

चौघांमध्ये कर्स्टी डॉड नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. वरच्या शेतावरच्या डॉडांची. ती पिंपात उतरली. एक, दोन, तीन, मुलं मोजू लागली. चौथ्या पावलाला ती थांबली. बाकीचे तिघं तिच्या अंगावर आदळले.

"काय गं, गळतोय का बूट?" ऑड्रीने विचारलं.

कर्स्टीने मान हलवली. ती पाण्याकडे बघत होती. "बाई, रोमन लोकांकडेपण रोग आला होता का?"

"कसला रोग?"

"आमच्या गाई मारल्या तेव्हा अंगणात हाच वास होता. त्यांनी अंगण धुतलं होतं."

आणि ती तिथेच ओकली. पिंपात, आपल्या बुटांवर. रडली नाही, नुसती उभी राहिली, हात अंगापासून लांब धरून, ते कुणाचे आहेत हे माहीत नसल्यासारखे. बाकीची मुलंही हुंगू लागली होती. एकेका चेहऱ्यावर ते पोचताना मला दिसलं. तिथल्या प्रत्येक घराच्या फाटकावर ती गादी होती. एकाही मुलाने "ईऽऽ" केलं नाही.

ऑड्रीने तिला काखेत धरून उचललं आणि बाहेर काढलं. बूट उतरवले. ॲप्रनने तिचं तोंड पुसलं. मग जमिनीवर गुडघे टेकून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे रोमन नाही. हे फाटकावरचं औषध आहे. आत्ता मी तुम्हाला खोटं दिलं. झाकण उघडताना मला कळलं होतं, आणि मी गप्प बसले."

लॅथम उठला. "मिसेस मिलबर्न, याची काही गरज नाही. मुलीला बरं नाही एवढंच."

"साहेब, बसा तुम्ही." मग माझ्याकडे न बघता, "सिरिल, आमच्या घरी जा. मागच्या पडवीत आर्थरची बादली आहे. घेऊन ये."

"ढकलगाडी…"

"गाडीचं चाक मोडलंय. हातात घेऊन ये."

मी गेलो. आर्थर पडवीत वर्तमानपत्र वाचत होता. माझा चेहरा बघून त्याने विनोद केला नाही, बोटाने बादली दाखवली. गच्च भरलेली होती. पत्र्याची कडी माझ्या हातात कापत होती. रस्ता ओलांडताना झाकणाखालून डुचमळून पँटवर सांडलं, आणि पायावरून मोज्यात गेलं. कोमट होतं. मला अजून आठवतं की कोमट होतं.

ऑड्रीने मुलांना बाहेर गवतावर बसवलं होतं. तिने बादलीचं झाकण काढलं. वास असा आला की दोन मुलं मागे कोलमडली आणि एकजण शिवी हासडून बाईंकडे बघत तोंडावर हात ठेवून बसला. ऑड्री कर्स्टीला म्हणाली, "तुला नको असेल तर हुंगू नकोस. पण हे घाण आहे आणि खरं आहे, एवढं मी आज सांगू शकते."

कर्स्टी वाकली. बराच वेळ वाकून राहिली. "आमच्या गोठ्यासारखं आहे," ती म्हणाली. "पूर्वीच्या." मग नाक धरून तिने "ईऽऽ" केलं, जरा उशिरानेच, आणि मग सगळ्यांनी.

लॅथम तेव्हा कुंपणाशी उभा होता. त्याचा चेहरा साबणाच्या रंगाचा झाला होता. त्याने वहीत काही लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती.

तीन आठवड्यांनी ऑड्रीला संस्थेचं पत्र आलं. आभार मानलेले होते, दोन वेळा. शेड रिकामी करून घेतली. रांजण मी पुरला. पिंप आर्थर आणि त्याचा भाचा घरी घेऊन गेले. शेडमध्ये वाळू आली, फोमच्या तलवारी आल्या, प्लास्टिकची शिरस्त्राणं आली. मुलं एकमेकांना पाडायची आणि बाकीची अंगठा खाली करायची. मारा, मारा असं ओरडत. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवर जे दिसायचं ते मला कोणत्याही पिंपात दिसलं नव्हतं. सैनिकांच्या संडासात एक छोटं यंत्र बसवलं. त्यात रोज सकाळी मी वासाची वडी घालायची. पाकिटावर लिहिलेलं होतं, रोमन शौचालय. तो वास जुन्या फुलदाणीतल्या पाण्यासारखा होता, घाण नाही, चांगला नाही, कशाचाच नाही. तेवढ्या एका वासाने मला रोज मळमळलं. माझी नोकरी मात्र टिकली. लॅथमने मला वेगळं पत्र लिहून माझ्या स्वच्छतेचं कौतुक केलं. ते पत्र मी बॉयलरमध्ये घातलं.

ऑड्री फाटकासमोरच राहायची, त्यामुळे रोज दिसायची. हात करायची. मी हात करायचो. मी केलेलं मी तिला सांगितलं नाही. पूर्ण उन्हाळा गेला. मी सकाळी फाटक उघडताना तिच्या खिडकीकडे पाठ करून उघडायला शिकलो.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी मी रस्ता ओलांडला. ती मागच्या अंगणात होती, उलट्या खोक्यावर बसलेली. गुडघे धरलेले असायचे तिचे तेव्हा. पिंप तिथेच होतं, झाकण घातलेलं.

"ऑड्री, त्या दिवशी ते मी केलं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुझ्या हातांना वास येत होता. शिवाय एवढं घासून चकचकीत करणारा दुसरा येडा या गावात आहे कोण?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला काय तोंड होतं रे बोलायला? तू ओतलंस, पण पोरांना आत मी उतरवलं. माहीत असून. त्या माणसाने अडचण नाही म्हटलं, आणि मला शेड दिसली. चार पावलं मी गप्प होते. अकरा वर्षं सांगत होते खोटं देणार नाही म्हणून, आणि वेळ आली तेव्हा चार पावलं."

"ते माझ्यामुळे."

"तुझं तुझ्यापाशी ठेव. माझं माझ्यापाशी आहे."

मी उभाच राहिलो. मला वाटतं मी माफी मागण्याच्या तयारीत असल्यासारखा दिसत असणार, कारण तिने हाताने ते झटकून टाकलं.

"माफीबिफी काही नाही माझ्याकडे," ती म्हणाली. "एक घोंगडी आहे. डॉडांनी नवीन मेंढ्या आणल्यात ना, त्यांची पहिली लोकर कर्स्टीच्या आईने विणून पाठवली. तेलकट आहे. माझ्या गुडघ्यांनी तुडवणं होत नाही आणि आर्थरचा तोल जातो. मोजे काढ."

"रबरी बूट आणतो."

"त्यांना रबरी बूट नव्हते."

मी तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. मी बांधावर बसलो, बूट काढले, मोजे काढले, घडी करून बुटांत घातले. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली. माझे पाय उन्हात फार पांढरे दिसत होते. ऑड्रीने झाकण सरकवलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळं त्या वासाचंच होतं असं मी म्हणणार नाही.

मी उतरलो. वर थंड होतं आणि खाली गाळ कोमट. घोंगडी पायाखाली आधी फुगली आणि मग बोटांच्या मधून काहीतरी बुळबुळीत वर आलं. मी तोंड दाबून धरलं.

"एक," ऑड्री म्हणाली. "दोन. कुठे बघतोयस? खाली बघ. तीन."

तिने दोनशेपर्यंत मोजलं. मध्ये आर्थर दारात येऊन उभा राहिला, बघितलं, आणि चहाचं पाणी ठेवायला आत गेला. मी ऐंशीच्या सुमारास एकदा बाजूला वाकून ओकलो, आणि ती थांबली, आणि मग एक्याऐंशी म्हणाली.

घोंगडी निघाली ती पांढरी. नंतरची तीन वर्षं, ती जाईपर्यंत, तिच्या पलंगावर होती. मी पाय त्या संध्याकाळी सात वेळा धुतले. ते काम चांगलं होतं, मला आनंद झाला, असं काही मी इथे लिहिणार नाही. मला किळस आली. आजही, हे लिहिताना, बोटांच्या मधे ते जाणवतं, आणि मी उठून पाय धुऊन आलो आहे.